मावशी माझ्याशी बोलायला यायची

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी वीस वर्षांची होते आणि नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. मला विषमज्वर झाला. ताप उतरला तेव्हा नर्सबाई माझ्याशी बोलत होत्या आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. अशक्तपणामुळे असेल, येईल हळूहळू, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. पण ऐकू आलंच नाही.

शाळेने दोन महिने वाट पाहिली. मग बाबा मला घ्यायला आले. देवळाली प्रवराच्या बाजूला एका खेड्यात ते मिशनच्या शाळेचे मास्तर होते, रविवारची उपासनाही तेच चालवत. आई मी लहान असतानाच गेली होती. बाबा दिवसभर शाळेत, संध्याकाळी आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला. मला काही सांगायचं तर पाटीवर लिहीत. मी बोलायचे, पण आवाज किती चढतोय ते मला कळायचं नाही. बाबा हाताने 'हळू' अशी खूण करत. पुढे मी बोलणंच कमी केलं.

रविवार सगळ्यात अवघड. पूर्वी सुट्टीत घरी आले की उपासनेत गाणं मीच सुरू करायचे. आल्यावर पहिल्याच रविवारी मी सवयीने गायला लागले. पुढे बसलेली मुलं वळून हसू लागली. मी पुस्तक मिटलं. त्यानंतर मी सगळ्यात मागे भिंतीला टेकून बसे आणि लोकांची तोंडं हलताना बघत राही. एकदा मी बाबांना विचारलं, देवाने माझं असं का केलं? त्यांनी पाटीवर लिहिलं, 'त्याचा काही हेतू असेल.' मी त्यांच्यासमोरच ती ओळ पुसली. तेव्हापासून मी प्रार्थना सोडली. सगळ्यांबरोबर डोळे मिटायचे, एवढंच.

दिवाळीच्या सुमारास शेजारची मावशी दुपारची येऊन बसायला लागली. आमच्याच ख्रिस्ती मंडळीतली विधवा, उसाच्या रानात खुरपायला जाणारी. तिची दहा वर्षांची मुलगी आदल्या वर्षी विहिरीत पडून गेली होती, एवढं मला माहीत होतं. मावशीला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे पाटीचा उपयोग नव्हता. ती माझ्याबरोबर शेंगा फोडायची आणि बोलत राहायची. मी कानाकडे बोट दाखवलं, तरी ती थांबली नाही. मला राग यायचा. मी तिच्या लेखी भिंत होते, म्हणून तर तिला माझ्याजवळ बोलता येत होतं. तरी ती आली नाही की दुपार सरत नसे.

समोर दुसरं कुणी नसायचं, म्हणून मी तिचं तोंड बघायचे. बघता बघता ओठ कळायला लागले. आधी 'पानी', मग 'पोरगी'. मी हे कुणाला सांगितलं नाही. एका दुपारी सगळंच कळलं. घागर फुटली म्हणून त्या दिवशी तिने मुलीला मारलं होतं. मुलगी रडत दुसरी घागर घेऊन विहिरीवर गेली, ती परत आली नाही. पाय घसरला, असं गाव म्हणत होतं.

"मीच ढकललं तिला," मावशी म्हणाली. "हातानं न्हाई, पन मीच."

मला गप्प बसता आलं असतं. पण मला काही कळत नाही असं समजून ती हे बोलत होती, आणि ते घेऊन तसंच बसून राहणं मला चोरीसारखं वाटलं.

"मावशी," मी म्हणाले, "तू काय बोललीस ते मला कळलं."

ती उठली आणि निघून गेली.

पंधरा दिवस ती आली नाही. उपासनेलाही नाही. तापातून उठल्यावरही मी इतकी एकटी नव्हते. वेळ जाईना म्हणून बाबांचं बायबल उघडलं आणि प्रभूच्या दुःखसहनाचे अध्याय वाचले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत तो व्याकूळ झाला तेव्हा त्याने शिष्यांकडे मागितलं काय, तर जवळ जागे राहा, एवढंच. तेही त्याला मिळालं नाही. तोही माझ्यासारखाच एकटा बसला होता, हे मला तोवर कधी खरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच तिच्या घरी गेले. ती चुलीपाशी होती. मी शेजारी बसले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तव्यावरची भाकरी उतरवून तिने माझ्याकडे तोंड केलं आणि सावकाश म्हणाली, "तुला समदं ठावं झालं. तरी आलीस?"

"आले."

"देव मला माफ करंल का गं?"

मास्तरांच्या मुलीला याचं उत्तर यायला हवं होतं. मी तिचा हात धरला आणि आजारानंतर पहिल्यांदा तोंडाने प्रार्थना केली, तिच्यासाठी. विहिरीचा शब्द काढला नाही. बाकी काय बोलले ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा दारात दोन बायका उभ्या होत्या, म्हणजे आवाज बराच चढला असावा. मावशी रडत होती. मुलगी गेल्यापासून रडूच आलं नव्हतं, असं तिने नंतर सांगितलं.

ती पुन्हा येऊ लागली. दोन वर्षांनी कोपरगावकडे भावाच्या घरी राहायला गेली, आणि तिथेच वारली.

बाबा म्हणत तो हेतू मला अजून पटत नाही. एका बाईचं दुःख कळावं म्हणून देव दुसरीचे कान काढून घेईल, असं मी मानत नाही. पण कान गेले तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला होता, हे मानते. मावशी गेल्यावरही मी दुपारी दारात बसायचे. कधी कुणी बाई येऊन टेकायची आणि मनातलं बोलत राहायची. पुष्कळदा कुणीच नसायचं.