हौशीराममामांचा शास्त्रपाठ

आमचे हौशीराममामा आगगाडीच्या मागच्या इंजिनावर कामाला होते. कर्जतहून गाडी घाट चढायला लागली की पुढचं इंजिन ओढायचं आणि मामांचं इंजिन पाठीमागून रेटायचं. भट्टीत कोळसा टाकून टाकून मामा लोणावळ्याच्या चाळीत काळेकुट्ट होऊन यायचे आणि आल्या आल्या कस्तुरामामीवर हुकूम सोडायचे. दिवसभर ड्रायव्हर त्यांच्यावर सोडायचा ना, ते कुठंतरी उतरवायला नको?

साल चोवीस असेल. मिशनच्या मडमेनं मामीला बायबलबाईचं काम देऊ केलं. आठवड्यातून दोन दिवस चढावरच्या कुरवंडे गावाला जायचं आणि तिथल्या बायकांना वाचायला शिकवायचं. मामी आनंदानं नाचतच घरी आली. फक्त एका कागदावर नवऱ्याची संमती हवी होती.

"न्हाई," मामा म्हणाले. "पौलानं शास्त्रात लिवलंय, नवरा बायकोचं मस्तक हाय म्हनून. मस्तक लोणावळ्यात आन् धड कुरवंड्याला, आसं चालायचं न्हाई."

मामांना वाचता येत नव्हतं. एवढं एकच वचन उपासनेत ऐकून त्यांनी जपून ठेवलं होतं. मामी भांडली नाही. म्हणाली, "अवं, मग त्यो भाग तुमीच मंडळीम्होरं वाचून दावा. तुमी वाचलात की मी पुन्यांदा कुरवंड्याचं नाव काढनार न्हाई. वाचायला मी शिकवते."

मामा लगेच तयार. चार महिने आमच्या चाळीत बाराखडीचा असा गजर चालला की शेजारची कोंबडीसुद्धा शिकली असती. पण तो भाग मात्र ते उघडू देईनात. "त्यो मंडळीम्होरंच वाचनार. आधी वाचून शिळा करायचा न्हाई." तिथंच मामा फसले.

नाताळाच्या आधीचा रविवार. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी 'मस्तक' कुठं आहे ते बोटानं दाखवलं. मामांना ते पटेना. "साहेब, चढाला येकदम जोर लागत न्हाई. वाईच मागनं घेतो." आणि बोट वर सरकवून त्यांनी सुरुवात केली.

वर लिहिलं होतं, ख्रिस्ताचं भय धरून सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हावं.

मामा थांबले. पुन्हा वाचलं. अक्षरं हलली नव्हती. "येकमेकांच्या?" त्यांनी पाळकांना विचारलं.

"एकमेकांच्या," पाळक म्हणाले.

मग मस्तकाचं वचन मामांनी असं दणक्यात वाचलं की तुळईवरच्या चिमण्या उडाल्या. पण ते संपलं केवढ्याशात! पुढं नवऱ्यांची पाळी आली ती संपेचना. बायकोवर प्रेम करा, ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तसा द्या, आपल्या देहासारखं तिला जपा. मामांना थंडीत घाम फुटला. "साहेब, बायकांना इवलंसं आन् नवऱ्यांना येवढं?"

"त्यांना समजायला वेळ लागतो," पाळक गंभीरपणे म्हणाले.

बायकांनी तोंडात पदर कोंबले. मी हसता हसता बाकावरून पडले आणि आईचा धपाटा खाल्ला. मामी मात्र हसली नाही. मामांनी वाचून दाखवलं होतं, म्हणजे तिच्या शब्दाप्रमाणे कुरवंडं संपलं होतं. घराकडं ती एकटीच झपाझप पुढं निघाली. मला मामांचा भयंकर राग आला.

उंबऱ्यातच मामा थांबले. "कस्तुरे, म्होरलं इंजिन गाडीचं मस्तकच की. पर त्येनं शिट्टी दिली तरी मागनं आमची शिट्टी आल्याबिगर गाडी हालत न्हाई. घरात मी आपला शिट्ट्याच मारतोय, तुझी ऐकायला कवा थांबलोच न्हाई. आन् त्यो कागद. संमती देनारा मी कोन, पर मडमेला पायजे तर घे."

आयुष्यातली पहिली सही. 'हौशी' एवढ्यातच कागद भरला, 'राम' मागच्या बाजूला लिहावा लागला. मामी त्या कागदाकडं बघून रडली आणि मग इतकी हसली की तिला उचकी लागली.

मंगळवारी आम्ही कुरवंड्याला निघालो. मामी पुढं, पाट्यांची पिशवी घेऊन मामा मागं. चढ लागला तशी मामी थांबली. इकडंतिकडं बघितलं, दोन बोटं तोंडात घातली आणि खणखणीत शिट्टी मारली. मामा पोट धरून हसायला लागले. मामी हलेना.

शेवटी मामांनी पिशवी खाली ठेवली आणि मागून अशी शिट्टी दिली की वर कुरवंड्यातली कुत्री भुंकायला लागली. मग मामीनं पाऊल उचललं.