आर्लिसच्या डब्यातलं कार्ड

आर्लिस ट्वीटन एकतीस वर्षं आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. हॅल्डन गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाने तिच्या हातची राजमा-खिम्याची चिली आणि सोबत दालचिनीचा रोल खाल्लेला आहे. तरी तिची खरी ओळख पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यामुळे. त्या डब्यात, सफरचंदाच्या गोड पायच्या कृतीमागे, उमेदवार असत.

अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसं दारोदार येतात, घरच्या टेबलाशी बसून कॉफी पितात. ती गेली की आर्लिस एकेकाचं कार्ड लिहायची. त्यात फक्त दुखऱ्या जागा: नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत समोरचा पक्ष याला कशावरून झोडपेल?

"गुण ते स्वतःच सांगतात," ती म्हणायची. "त्यावर माझी शाई कशाला घालवू?"

पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेत ती कार्डं वाचून दाखवायची आणि लोक मनापासून ऐकायचे, कारण तिने कधी कुणाला सोडलं नव्हतं. एका वर्षी तर सगळ्यात लांब कार्ड तिच्या स्वतःच्या लाडक्या उमेदवाराचं निघालं होतं.

या खेपेला लढत दोघांत होती. गव्हर्नर टीगबाईंच्या कार्डावर होतं: राज्यातली तीन खेड्यांतली इस्पितळं बंद केली, नवऱ्याच्या कंपनीला रस्त्याचं कंत्राट, बोलतात ते रागावल्यासारखं. सिनेटर व्हॉस यांच्या कार्डावर: युद्धाच्या बाजूने मत, बँकांच्या देणग्या. त्याखाली पेन्सिलीने तीन ओळी होत्या, ऑक्टोबरातल्या भेटीच्या.

त्या दिवशी सिनेटर तिच्या स्वयंपाकघरात अर्धा तास बसले होते. तेवढ्यात त्यांनी तीनदा विचारलं, तुम्हाला मुलं किती? निघताना डेलचा हात हातात घेऊन म्हणाले, "आणि तुमचं नाव काय, तरुण मित्रा?" डेल आर्लिसचा मुलगा. आठ महिने तोच त्यांची गाडी चालवत होता, जिल्ह्यातला प्रचार सांभाळत होता.

"थकलेत गं," डेल दारातून परत येऊन म्हणाला. मग हळूच, "आई, हे कार्डावर नको."

डेल चौतिसाचा. दारूपायी दोन नोकऱ्या गेलेल्या. ही तिसरी टिकली होती आणि वर्षभर तो प्यायला नव्हता. प्रचारातल्या वरच्यांनी त्याला बजावलं होतं: स्वतःच्या आईचं गाव जिंकता येत नसेल, तर पुढच्या राज्यात प्रचाराला येऊ नकोस.

फेब्रुवारीतल्या सभेला आर्लिस आली ती डब्याशिवाय. फक्त व्हॉस यांचं कार्ड कोटाच्या खिशात होतं. घरी ठेवायचाही तिला धीर झाला नव्हता.

या सभेत चिठ्ठ्या नसतात. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. शंभरात पंधरा माणसं जमली नाहीत तर गट मोडायचा आणि पाऊण तासात दुसरा कोपरा धरायचा. शाळेच्या व्यायामशाळेत त्या संध्याकाळी चौऱ्याऐंशी जण होते: टीगबाईंकडे अडतीस, व्हॉसकडे पस्तीस. आर्लिसने मुद्दाम एक तिसराच, न जिंकणारा उमेदवार धरला होता. तिथे अकरा. दोन कमी पडले आणि गट मोडला.

"इकडे या, लिंबाच्या वड्या आहेत!" टीगबाईंच्या कोपऱ्यातून जोअॅन पेट्राक ओरडली.

"तुझ्या वडीने गेल्या वेळी माझा दात गेलाय," व्हर्लिन हॉगे म्हणाला. तो आर्लिसच्याच मोडलेल्या गटातला, डुकरांचा निवृत्त डॉक्टर, ऐंशीचा. तो आर्लिसकडे वळला. "हं, काढ कार्डं."

"आज कार्डं नाहीत."

"हिच्याकडे कार्डं नाहीत! मग चालायला पाय तरी आणलेत का?"

सगळे हसले. आर्लिसही हसली. "ज्याचं त्याने ठरवा. तुम्ही काय लहान आहात?"

गप्प बसलं की सुटले, असं तिला वाटलं होतं. पण आता उभं कुठे राहायचं? टीगबाईंकडे जावं, तर सगळं गाव विचारणार की पोराला सोडून आई पलीकडे का गेली. मध्येच थांबावं, तरी तेच. पलीकडे गुणफलकाखाली डेल उभा होता. तो तिला बोलावत नव्हता, खाली जमिनीकडे बघत होता. शाळेत बक्षीस समारंभाला तो असाच उभा राहायचा.

पाच मिनिटं राहिली, अध्यक्षांनी सांगितलं. आर्लिस डेलकडे चालू लागली.

अर्ध्या वाटेवर तिला मागून ओल्या बुटांची करकर ऐकू आली. तिने वळून पाहिलं. व्हर्लिन होता, आणि त्याच्यामागे बाकीचे नऊ.

"तुम्ही कशाला?" ती म्हणाली.

"आर्लिस, तो माणूस तुझ्या टेबलाशी अर्धा तास बसला होता. आम्ही त्याला नुसतं टीव्हीवर पाहिलंय. खोट असती तर तू गेली असतीस का तिकडे? पोटचा पोरगा असला तरी?"

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात मोजणी सुरू झाली. प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. पस्तीस, डेल म्हणाला, आणि सगळे तिच्याकडे बघू लागले.

"छत्तीस," आर्लिस म्हणाली.

तिच्यामागून सदतीस, अडतीस, असं करत शेवटी व्हर्लिनने टोपी उंचावून आरोळी ठोकली, "शेहेचाळीस!"

डेलने तिला घट्ट मिठी मारली. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता, नुसता साबणाचा.

"आई, तू तर एक शब्दही बोलली नाहीस!"

"नाही," आर्लिस म्हणाली. खिशातल्या कार्डाचा कोपरा तिच्या तळव्याला टोचत होता. "नाही बोलले."