दुष्काळातला बाप्तिस्मा

सोलापूरला मी आले ती भांडायच्या तयारीनंच. वय बावीस, बायबल शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपल्याला वचनासकट पाठ आहे अशी पक्की समजूत. मी मूळची नाशिककडची. आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे नदीवर जायचं, गीतं म्हणायची आणि ओल्या कपड्यांनी हसत घरी यायचं. इथं गाडीतून उतरले तर दुष्काळाचं दुसरं वर्ष, त्र्याहत्तरचा उन्हाळा. टांगेवाल्याकडे प्यायला पाणी मागितलं तर तो म्हणाला, बाई, भाडं कमी दिलं तरी चालेल, पण पाणी मागू नका. मला राग आला. पुढं दोन-तीन दिवसांत कळलं की तो बिचारा अगदी सरळ बोलत होता.

इथल्या ख्रिस्ती मंडळीनं मला प्रचारिका म्हणून नेमलं होतं. लोक म्हणायचे, मिशनच्या बाई. आठवडा कसा सरायचा ते कळायचं नाही. सकाळी शाळेत पहिली-दुसरीची पोरं, मग दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात एक फेरी, एखाद्या दिवशी पॅसेंजरनं होटगीला, तिथल्या रेल्वेच्या चाळीत प्रार्थना. गुरुवारी मंडळीच्या पाळकसाहेबांबरोबर मोडनिंबच्या बाजूला खडी फोडायच्या दुष्काळी कामावर मजुरांना सुकडी वाटायला जायचे. तिथं एका बाईनं पदरात घेतलेली सुकडी माझ्यापुढं धरली. सकाळपासून तुम्ही कुठं काय खाल्लंय, म्हणाली. दगड फोडून तिच्या हातांची सालटी निघाली होती. मी तिच्यावर चिडले, म्हटलं, मी वाटायला आलेय, खायला नाही. ती काही हात मागं घेईना. शेवटी मी चिमूटभर खाल्ली. हे लोक कुठल्या मातीचे आहेत, हाच विचार परतताना ट्रकमध्ये डोक्यात घोळत होता.

दुपारचा वर्ग मात्र माझा जीव की प्राण. पूर्व भागातल्या एका गल्लीत तेलुगू विणकरांची घरं होती. पुरुष मागावर, बायका घरी विड्या वळायच्या. त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी मी फर्मान काढलं, मांडीवरची सुपं खाली ठेवा आणि पेन्सिली हातात घ्या. बायका एकमेकींकडे बघून खो खो हसल्या. हात थांबला की चूल थांबते, बाई, असं त्यातल्या सगळ्यात मोठीनं मला समजावलं. ही कपाळभर कुंकवाची, भरदार आवाजाची बाई मराठी चांगलं बोलायची आणि माझं बोलणं बाकीच्यांना तेलुगूत करून सांगायची. मग आमचं असं ठरलं की हात पानावर आणि डोळे फळ्यावर. अक्षर आलं की सुपातल्या तंबाखूत बोटानं गिरवून दाखवायचं आणि लगेच सूप हलवून पुसायचं. मला शिंका यायच्या, त्यांना मजा वाटायची.

त्या गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत एक म्हातारी राहायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. अक्कलकोटाकडच्या खेड्यातली. तिच्या मराठीत मधेच कानडी डोकवायचं. अगदी लहानपणी लग्न झालं, सासरी नांदायला जायच्या आत नवरा वारला. घरात पाटाची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, चाल नव्हती. भावाच्या दारात राबून झालं, मग ती सोलापूरला येऊन गिरणीत लागली आणि तिथंच म्हातारी झाली. आता कापसाच्या धुरळ्यानं छाती भरली होती. पायरीवर बसून धापा टाकायची, आणि गल्लीतल्या बायका वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेल्या की त्यांच्या पोरांच्या झोळ्यांना झोके द्यायची. पोरांना अक्का लागायचीच. बारशाला, लग्नाला मात्र ती आपणहून दार ओढून आत बसायची. कुणी आत बस म्हणायचं नाही आणि कुणी ये असंही म्हणायचं नाही.

ती कितीतरी वर्षं आमच्या उपासनेला यायची. शेवटच्या रांगेत, दाराजवळ. बाप्तिस्मा मात्र घेतला नव्हता, भावाला वाईट वाटेल म्हणून. भाऊ गेला, आणि त्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारी पाऊस काही बघत नाही. अक्काला ते कुणी सांगितलं नव्हतं, पण तिचं तिला कळलेलं होतं. एक दिवस ती काठी टेकत पाळकसाहेबांच्या दारात आली आणि म्हणाली, आता वाट कुणाची बघू? येत्या रविवारी उरकून टाका.

इथं घोडं पेंड खात होतं. आमच्या मंडळीत पाणी शिंपडून बाप्तिस्मा होत नाही, माणूस पुरतं बुडवावं लागतं. आमच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात त्यासाठी सिमेंटचा हौद होता, पायऱ्या उतरून आत जायचा. त्यात पालापाचोळा आणि एक मेलेली पाल. आवारातली विहीर केव्हाच आटलेली. नळाला दोन-चार दिवसांनी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं, आणि रांगेत बायकांच्या झिंज्या उपटण्यापर्यंत मजल जायची. अशा दिवसांत एका म्हातारीला बुडवायला हौदभर पाणी मागायचं कुणाच्या तोंडानं?

पाळकसाहेब मोठे शांत गृहस्थ. मी जितकी तापट तितके ते थंड. त्यांनी अक्काला समजावलं की देव अडचण जाणतो, आपण पेलाभर पाण्यानं करू, मी मिशनच्या वरच्या लोकांना कळवीन. अक्कानं मान हलवली.

"पेलाभर पानी तर रोज पितेच की, साहेब," ती म्हणाली. "मला एकदा बुडून वर यायचंय."

पाळकसाहेबांनी मग पाऊस पडेपर्यंत थांबू म्हणून सांगितलं. बरं, म्हणाली आणि काठी टेकत गेली. पाऊस पडेपर्यंत! डॉक्टरांचं बोलणं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी पाळकसाहेबांशी तिथंच वाद घातला, पण पाणी कुठून आणायचं ते माझ्या कुठल्याही वचनात नव्हतं.

शुक्रवारी वर्गावर गेले तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. फळ्यावर खडू मोडला, एकीला उगाच बोलले. वर्गातल्या त्या मोठ्या बाईनं विचारलं, बाई, आज काय बिनसलंय? मी सगळं भडाभडा ओकून टाकलं. बायका ऐकत होत्या, हात चालूच. मग तिनं विचारलं की हे न्हाण असतं तरी कशाचं, एवढं त्यात काय आहे? बायबल शाळेत घोटून घेतलेलं उत्तर माझ्या जिभेवर तयारच. मी सांगितलं, जुनं माणूस त्या पाण्यात मरतं आणि वर येतं ते नवं. नुकतं जन्मल्यासारखं. मागचं काहीसुद्धा त्याला लागू राहत नाही.

तिनं ते तेलुगूत सांगितलं. मग त्यांची आपापसात बरीच बोलाचाली झाली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांचे हात थांबलेले मी पाहिले. मोठीनं मला पुन्हा विचारलं, मागचं काहीच नाही? काहीच नाही, मी पाढा म्हणावा तसं म्हटलं आणि फळा पुसायला लागले.

शनिवारी नळाला पाणी आलं. माझ्या वाट्याला आलेली कळशी मी खोलीत झाकून ठेवली.

रविवारी सकाळी मंदिर उघडायला गेले तर फाटकापासून हौदापर्यंत बायकांची रांग. कुणाच्या डोक्यावर घागर, कुणाच्या कडेवर कळशी, एकीकडे तर नुसतं डालड्याचं पत्र्याचं डबडं. हौद झाडून, घासून लख्ख केलेला, आणि त्यात पाणी! पुरतं उभं राहून बुडण्याइतकं नव्हे, पण बसलेलं माणूस मागं झोपवलं तर नक्की बुडेल इतकं. शनिवारच्या नळाचं पाणी होतं ते. त्यांच्या स्वयंपाकाचं, पोरांच्या पिण्याचं. देव त्यांचा नव्हे, देऊळ त्यांचं नव्हे, तरी गल्लीनं घराघरातून एकेक घागर काढून आणून ओतली होती. मी फाटकाला धरून उभी राहिले. रडूच कोसळलं मला, खोटं कशाला सांगू?

मग जवळ गेले आणि डोळे पुसून पाहिलं तर पाणी पिवळंधमक. वर नागवेलीचं पान तरंगतंय. प्रत्येक घागरीच्या गळ्याला हळदीचं बोट, आणि मोठी बाई वाटीतली हळद चिमटीनं हौदात सोडतेय!

माझं रडू कुठल्या कुठं पळालं. मी म्हटलं, अहो, हे काय करून ठेवलंत? हे काय नवरीचं न्हाण आहे? बाप्तिस्म्याचं पाणी आहे हे! आणि आता ओतून देणार तरी कसं? आणि तेही अक्कासाठी, जिला तुम्ही कधी हळदीला हाक मारली नाही? जे तोंडाला येईल ते बोलले. पाळकसाहेब मागं येऊन उभे होते ते मला दिसलं नव्हतं.

मोठीनं वाटी खाली ठेवली. ती चिडली नाही. उलट, एवढं साधं या शिकलेल्या बाईला कळू नये याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

"तुमीच सांगितलं की, बाई. मागचं काय लागत न्हाय. मग ती विधवा कुटं राह्यली? नवीन पोरगी हाय ती आता. तिला हळदीबिगर न्हाऊ घालायचं व्हय?"

अंगावर सरसरून काटा आला, मे महिन्याच्या सोलापुरात. जे वाक्य मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, ते या बाईनं एका दुपारी ऐकलं आणि रविवारी त्याप्रमाणे वागून मोकळी झाली होती.

मी पाळकसाहेबांकडे वळले. आता ते काय म्हणतात यावर सगळं होतं. वरचे लोक त्यांना या पाण्याबद्दल विचारतील, मंडळीतले दोन-चार जण तर आत्ताच कुजबुजत होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग तो खिसा भिजेल हे लक्षात येऊन माझ्या हातात दिला. चपला काढल्या, पांढरंशुभ्र धोतर तसंच नेसलेलं असताना पायऱ्या उतरले आणि पिवळ्या पाण्यात गुडघ्यांवर बसले. आणि हात पुढं केला.

अक्काला गल्लीतल्या दोघींनी घरून धरून आणलं. मंडळीनं ऐनवेळी काढून दिलेलं पांढरं लुगडं नेसली होती. पायरीपर्यंत आली, पाण्याकडे पाहिलं आणि एकदम मागं सरली. गल्लीतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या, ती पाण्याकडे.

"ह्यात हळद हाय," ती म्हणाली. "मला न्हाय चालत."

इतकी वर्षं जे हात पोरांना थोपटत होते ते तिनं काठीसकट छातीशी घट्ट धरले होते, जणू चुकून पाण्याला लागतील. मला वाटलं, संपलं. पाणी आलं, पाळकसाहेब उतरले, आणि आता हीच दार ओढून आत बसणार. तिला आत न्यायचं काम माझं होतं, तिचा दंड मी धरला होता.

ती माझ्याकडे वळली. "बाई, खरं सांगा. ह्या म्हनत्यात तसं मागचं काईच लागत न्हाय?"

शुक्रवारी हेच उत्तर मी फळा पुसता पुसता दिलं होतं. आता अक्का समोर उभी होती. हे खोटं असेल तर या म्हातारीचा मी केवढा मोठा घात करतेय, आणि हे खरं असेल तर हे केवढं मोठं आहे, या दोन्हींची मला एकदमच भीती वाटली. सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही लागत, अक्का," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला कळलं की माझा यावर विश्वास आहे. तोपर्यंत मला ते नुसतं पाठ होतं.

तिनं काठी माझ्याकडे दिली आणि उतरली. पाळकसाहेबांनी तिला बसवलं, पाठीमागे हात घातला, नेमलेले शब्द म्हटले आणि मागं झोपवलं. लुगडं फुगून वर आलं, मग तेही खाली गेलं. क्षणभर हौदात नुसतं पिवळं पाणी. तिच्या छातीची मला धास्ती वाटली. मग ती वर आली, तोंड उघडून तिनं मोठा श्वास घेतला आणि तो आत गेला. केसांतून, कपाळावरून, गळ्याच्या सुरकुत्यांतून हळदीचे ओघळ चालले होते.

ती पायऱ्या चढून आली, पाठोपाठ पाळकसाहेब, धोतर कमरेपर्यंत पिवळं. गीत सुरू करायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. मी टॉवेल उलगडून तिच्या तोंडाकडे नेला. तिनं माझं मनगट धरलं.

"पुसू नका, बाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

आणि तशीच, ओली, उन्हात पायरीवर बसून राहिली. मोठी बाई पुढं आली आणि आपल्या तान्ह्या नातीला तिच्या मांडीवर ठेवून, रिकामी घागर उचलून घराकडे गेली.