वरच्या खोलीचं कामकाज

चार-पाच रिटायर माणसं रोज एका खोलीत बसली की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दाराशी चपला साचतात तसे ते साचत जातात. त्यात आमच्यातला एक जण दिल्लीला, संसदेच्या वरच्या सभागृहाच्या सचिवालयात नोकरी करून परतलेला. मग काय, विचारूच नका!

हे आमचे त्र्यंबकदादा. सभागृहात उद्या कोणता विषय आधी, कोणता नंतर, कोणी किती वेळ बोलायचं, हे कागदावर मांडण्यात यांची सारी नोकरी गेली. काशीला परत आले तर काय बघतात? राजा घाटाजवळच्या मठात, वरच्या खोलीत आम्ही संध्याकाळी नुसत्या गप्पा मारतोय!

"अरे, एक बोलतोय तर तिघं मध्ये बोलतात! काही कायदा-बियदा आहे की नाही?"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर कामकाजपत्रिका लागली आणि दादा सभापती झाले. निवडणूक वगैरे काही झाली नाही. खोलीत खुर्ची एकच होती, ते तीत बसले.

बाकी सभागृह सतरंजीवर. बँकेतून रिटायर झालेले भाऊ विरोधी पक्षनेते. विरोध कशाला, ते मागाहून ठरतं. दशाश्वमेधावर यजमानांची कामं करणारे अनंतशास्त्री सत्ताधारी बाजूला, कारण भिंतीला टेकायची जागा तिकडे आहे. मी रेल्वेतला, जिकडे पंख्याचा वारा तिकडे. आणि शाळेतून रिटायर झालेल्या उषाताई.

*

उषाताईंचं मागणं एकच होतं. संध्याकाळी ही खोली मुलांच्या मराठी वर्गाला द्या.

त्या वर्ग घेतात घाटाच्या पायऱ्यांवर. पावसाळ्यात गंगा वर चढली की पायऱ्या बुडतात आणि वर्ग बंद पडतो. गेल्या साली पाणी उतरलं, पण निम्मी मुलं परत आलीच नाहीत.

"घरात आजीशीसुद्धा हिंदीत बोलतात हो पोरं," ताई म्हणाल्या. "यंदा वर्ग तुटला तर खतमच समजा."

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रस्ताव पत्रिकेत घातला. सगळ्यात शेवटी!

"शेवटी का?" ताईंनी विचारलं.

"खासगी सदस्याचा प्रस्ताव आहे. सरकारी कामकाज आधी."

"इथं सरकार कोण आहे, दादा?"

"हा प्रश्न लेखी द्या."

*

दादांच्या सभागृहात आधी शून्य प्रहर, म्हणजे तातडीचं काय ते तेव्हा बोलून घ्यायचं. मग प्रश्नोत्तराचा तास. दिल्लीला वरच्या सभागृहात असंच असतं म्हणे.

एकदा शून्य प्रहर संपला आणि खिडकीतून माकड आत आलं. भाऊंच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसलं.

भाऊ ओरडले, "दादा, चष्मा! चष्मा गेला!"

"तातडीचा विषय शून्य प्रहरात मांडायचा. तो संपला. आता उद्या."

"उद्यापर्यंत माकड थांबेल का?"

"त्याची हमी सभापती देऊ शकत नाहीत."

तेवढ्यात शास्त्रीजींनी पिशवीतलं नैवेद्याचं केळं कठड्याकडे फेकलं. माकडानं केळं घेतलं, चष्मा टाकला. भाऊंनी चष्मा पुसून नाकावर ठेवला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दादांनी मात्र शास्त्रीजींना उभं केलं. "माननीय सदस्यांनी सभापतींच्या परवानगीशिवाय केळं फेकलं. समज देण्यात येत आहे!"

*

पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावर तीन दिवस चर्चा चालली होती. शास्त्रीजींना बोलायची वेळ मिळाली. उभे राहिले आणि फोन वाजला. सांगलीचे यजमान!

"दादा, एक मिनिट हं," म्हणून शास्त्रीजींनी व्हिडिओ कॉलवर संकल्पच सोडायला घेतला. आम्हीही सवयीनं हात जोडले. दादांनीसुद्धा जोडले, पण डोळे घड्याळावर.

फोन ठेवून शास्त्रीजी म्हणाले, "हं, तर पंखा..."

"आपली वेळ संपली. बसा."

"अहो, पंख्याबद्दल मी बोललोच कुठे?"

"गोत्र बोललात, नक्षत्र बोललात. सभागृहानं तुम्हाला अडवलं होतं का?"

त्या दिवशीही ताईंच्या प्रस्तावापाशी येईपर्यंत सभागृह तहकूब झालं. ताई पिशवी उचलून घाटाकडे गेल्या.

*

आता सभात्यागाचं सांगतो. भाऊंना सभात्यागाचा भारी शौक. विषय कोणताही चालतो, पण चहातली साखर निघाली की हमखास! दादा डॉक्टरांचं ऐकून साखर कमी करायला बघतात आणि भाऊ ताडकन उठतात, "हा लोकशाहीचा खून आहे!"

भाऊ उठले की सहानुभूती म्हणून मी उठतो. आम्ही दोघं उठलो की सत्ताधारी शास्त्रीजीही उठतात. निषेध करत आम्ही तिघं जिना उतरतो आणि खिडकीखालीच हलवाई आहे, त्याच्या कढईपाशी थांबतो. समोसे त्याच वेळी निघतात, त्याला आम्ही काय करणार?

"का गुरू, आज फिर वाकआउट?" हलवाई विचारतो आणि न सांगता द्रोण भरतो. खाऊन, हात पुसून, आम्ही लोकशाही वाचवायला पुन्हा वर जातो.

*

श्रावणात गंगा भराभर चढायला लागली. एका संध्याकाळी उषाताई आल्या तर लुगड्याचा काठ ओला.

"आज पोरांना उभ्यानंच शिकवलं," त्या म्हणाल्या. "बसायला कोरडी पायरी नाही. उद्या तर उभं राहायलाही नसेल."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. पण भाऊ म्हणाले तेही खोटं नव्हतं. "ताई, खोली दिली तर आम्ही जायचं कुठे? घरी टीव्ही सूनबाईकडे, बैठक नातवाकडे. आम्ही काय बाल्कनीत कुंडीशेजारी बसायचं?"

दादांनी सभागृह तहकूब केलं.

दुसऱ्या दिवशी पत्रिकेवर पहिला विषय होता, चहातली साखर. दुसरा, उषाताईंचा प्रस्ताव. बाकी काहीच नाही. पंखासुद्धा नाही!

दादांनी घसा साफ केला. "आजपासून चहात साखर पूर्ण बंद."

"काय?" भाऊ उठले. "हा खून आहे!" मी उठलो. शास्त्रीजी उठले. आम्ही तिघं घोषणा देत खाली उतरलो. द्रोण हातात आले. समोसा असा गरम की जीभ भाजावी.

वरून खिडकीतून दादांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "खोली संध्याकाळी मराठी वर्गाला देण्याचा प्रस्ताव मी मतास टाकतो. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय!" उषाताई एकट्याच, पण अख्ख्या वर्गाएवढ्या मोठ्यानं.

भाऊंना ठसका लागला. शास्त्रीजी जिन्याकडे धावले, पण गल्लीत मधोमध सांड बसलेला.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं."

"नाही! नाही! नाही!" भाऊ खालून खिडकीकडे तोंड करून ओरडत होते. मला म्हणाले, "अरे, तू पण बोल ना!" माझ्या तोंडात समोसा होता आणि तो मी जरा सावकाशच चावत होतो.

दादा खिडकीत आले. आमच्याकडे नीट बघितलं, भाऊंकडे तर जरा जास्तच.

"गल्लीतला आवाज सभागृहाच्या कामकाजात धरला जात नाही," ते म्हणाले. "प्रस्ताव एकमतानं मंजूर!"

आणि खिडकी लावून घेतली.