साहेबांना उचलायचं कसं

माझा दादा क्रेन चालवतो. कामावर सगळे त्याला ‘कासव’ म्हणतात. घरी आम्ही त्याहून वाईट काहीतरी म्हणतो. आमची भांडी घासून होतात, तरी याचा पहिला घास चघळून झालेला नसतो. पण त्याच्या क्रेनखाली आजवर साधी काचसुद्धा तडकलेली नाही.

असा हा माणूस घरात मात्र एकदा चुकला. बाबांना अर्धांगवायू झाला आणि पहिल्याच आठवड्यात न्हाणीघरात ते त्याच्या हातून निसटले. फारसं लागलं नाही, पण धास्ती बसली ती बसलीच. दादा जवळ गेला की बाबा पलंगाची कड घट्ट धरायचे. “तू नको. तिला बोलाव.” ती म्हणजे मी. मी बाबांना खुर्चीत बसवायचे आणि टनावारी लोखंड उचलणारा माझा भाऊ दाराशी उभा राहून बघायचा. त्याचा तो चेहरा मला बघवत नसे. बाबांचा रागही यायचा.

अशातच साहेबांचा पुतळा हलवायचं काम निघालं. साहेब एके काळी देशाचे प्रमुख होते. ते गेल्यापासून आमच्या शहरात त्यांच्या नावाचा रस्ता झाला, बाग झाली, पूल झाला, दवाखाना झाला. नवीन काहीही बांधा, नाव आधीच ठरलेलं. आमच्या खिडकीसमोरच्या चौकात ते उजवा हात उंचावून उभे होते. चौक रुंद करायचा म्हणून त्यांना पलीकडे बागेच्या कोपऱ्यावर न्यायचं होतं. बाबांनी तरुणपणी साहेबांना गर्दीतून एकदा ओझरतं पाहिलं होतं आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर बढाया मारल्या होत्या.

उचलणं तसं अवघड नव्हतं. कामावरच्या इंजिनिअर बाईंनी वजनाचा हिशेब चोख केला होता. घोडं अडलं ते दिसण्यापाशी. गळ्याजवळ दोर बांधू म्हटलं, तर स्मारक समितीचे अध्यक्ष उसळले, “साहेबांना फाशी देताय?” ट्रकमध्ये आडवं ठेवून नेऊ म्हटलं, तर “अंत्ययात्रा काढताय का?” भोवती लोखंडी चौकट उभारू म्हटलं, तर “म्हणजे आता तुरुंगात टाकणार!” बाईंनी कपाळावर हात मारला. ठेकेदाराने दादाला बाजूला घेऊन बजावलं, “एक ओरखडा उठला तर लोक तुझी क्रेन जाळतील. मी मध्ये पडणार नाही.” दादा घरी येऊन नुसता बसून राहिला.

त्या संध्याकाळी मी बाबांना उठवत होते. जुन्या चादरीचा मी एक रुंद पट्टा केलाय. तो काखेखालून घेऊन पाठीमागे धरायचा. भार त्यांच्या चांगल्या पायावर, आपण नुसता तोल सांभाळायचा. दादा नेहमीसारखा दारात होता. एकदम म्हणाला, “पुन्हा कर बघू.”

“बाबा काय खेळणं आहेत?” मी खेकसले.

“कर ना गं. एकदाच.”

बाबा कुरकुरले, पण तयार झाले.

सकाळी त्याने बाईंना समजावलं. भार सगळा साहेबांच्या पायाखालच्या लोखंडी बैठकीवर. काखेखालून फक्त तोलापुरते रुंद पट्टे, आतून ब्लँकेट लावलेले. बाईंनी आकडे तपासले, पट्टे जोडायची जागा बदलली आणि होकार दिला. अध्यक्षांना हरकत घ्यायला जागाच सापडली नाही. शोधली मात्र त्यांनी पुष्कळ.

पुतळा हलवायच्या दिवशी चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. मी बाबांची खुर्ची खिडकीशी ओढली. साहेब अलगद वर उठले तशा घोषणा थांबल्या. अर्ध्या वाटेवर वारा सुटला आणि पुतळा हलकेच झुलला. दादाने क्रेन थांबवली. काही केल्या तो क्रेन पुढे नेईना. खालून कुणीतरी ओरडलं, “झोपलास काय रे कासवा?”

“थांबू दे त्याला!” बाबा माझ्या शेजारून कडाडले. “त्याचं त्याला कळतं!”

खाली कुणाला ऐकू गेलं नाही. माझं मनगट मात्र त्यांनी असं आवळलं होतं की बोटांचे वळ उठले. वारा पडला. साहेब पुढे सरकले, खाली आले आणि टेकले. कुठे टवकासुद्धा उडाला नव्हता. अध्यक्ष पुतळ्यावरून हात फिरवत आमच्या खिडकीपर्यंत ऐकू येईल असे ओरडले, “एकही ओरखडा नाही!” माझ्या जिवात जीव आला. अध्यक्ष भर रस्त्यात बसकण मारून रडत होते आणि इंजिनिअर बाई त्यांना पाणी पाजत होत्या.

दादा घरी आला, घामाने निथळत. एक पेला पाणी प्यायला त्याने युग लावलं. बाबांना आता पलंगावर निजायचं होतं. मी पट्टा घेऊन पुढे झाले.

“तू नको,” बाबा म्हणाले. “त्याला बोलाव.”

दादाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग पट्टा काखेखालून घेतला. बाबांचा चांगला हात खुर्चीकडे गेला नाही, दादाच्या खांद्यावर गेला.

“सावकाश,” ते म्हणाले, जणू माझ्या भावाला दुसरं काही जमतंच.

पलंगावर टेकल्यावर बाबांनी स्वतःच्या अंगावरून हात फिरवला. डोळे भरले होते, तरी आवाज अगदी अध्यक्षांसारखा काढला.

“एकही ओरखडा नाही.”