मी आत होतो

गेल्या डिसेंबरात माझी बायको शिडीवरून पडली. ती कशी पडली असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि ते खोटं जवळजवळ तीन आठवडे आमच्या घरात राहिलं.

घरात आम्ही दोघंच असतो. गिरीजला आमची वाडी आहे. फार मोठी नाही. केळी, थोडे माड, कडेकडेने भाजी. मुलगी लग्न होऊन विरारला असते. सातिवलीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. निवृत्त झाल्यावर वाडी मी बघणार असं सगळ्यांनी धरलं होतं, मीही धरलं होतं. प्रत्यक्षात वाडी बायकोच बघते. मी पंप चालू करतो, बंद करतो आणि ती सांगेल तिथे उभा राहतो.

थंडी सुरू झाली की आमच्याकडे वालपापडीचा वेल भरतो. मांडवावर त्याचं भागत नाही, शेजारच्या शेवग्यावरही चढतो. वरच्या शेंगा उन्हातल्या, भरलेल्या. त्या पाखरांना सोडायला बायको तयार नसते. त्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास तिने शिडी शेवग्याला लावली, साडीचा पदर खोचला आणि मला म्हणाली, "धरा नीट. खाली ओलं आहे."

मी धरली. ती चढली. कमरेला बांधलेल्या पिशवीत शेंगा टाकू लागली. एवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. दोन वाड्या पलीकडे राहणारा माझा मित्र होता. संध्याकाळी आम्ही बरोबर फिरायला जातो. रस्ता रुंद होणार, कोणाचं कुंपण किती आत जाणार, याची काहीतरी नवी बातमी त्याच्याकडे होती. त्याने तिथूनच हात केला.

"दोन मिनिटांत येतो," मी बायकोला म्हणालो. "हलू नकोस."

"या लवकर," ती वरून म्हणाली.

दोन मिनिटांची दहा झाली. मध्ये तिने "अहो" म्हणून हाक मारली. मी मागे वळलो नाही, नुसता तळवा उंच केला. थांब जरा, अशा अर्थाचा. मित्राला ते जाणवलं असावं. तो निघाला. त्याची स्कूटर वळणाआड गेली तरी मी आत आलो नाही. रस्ता खरंच एवढा आत आला तर कोणता माड जाईल, ते बघत फाटकाशी उभा राहिलो. मग शिडी कशावर तरी आदळल्याचा आवाज आला.

ती मांडवाच्या खांबाजवळ बसलेली होती. उजवा हात मांडीवर धरला होता आणि मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, "रिक्षा बोलवा."

दवाखान्यात एक्स-रे झाला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "कशा पडलात? एकट्याच चढला होतात का?"

प्रश्न तिला होता. उत्तर मी दिलं. "हो. मी आत होतो."

असं का बोललो, याचा मी पुढे खूप विचार केला. कोणी माझ्यावर आरोप केला नव्हता. डॉक्टरांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, ते मान खाली घालून लिहीत होते. बायकोने माझ्याकडे पाहिलं एवढं मला कळलं. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहत राहिलो. प्लास्टर बांधून घ्यायला तिने हात पुढे केला.

दुपारी माझी मोठी बहीण आली. ती जवळच्याच होळी गावात राहते, वीस मिनिटांत पोहोचली. आल्या आल्या तिने बायकोला फैलावर घेतलं. "अगं, या वयात झाडावर चढायचं? दोन शेंगा कमी खाल्ल्या असत्या. याला हाक मारता येत नव्हती?"

बायको म्हणाली, "चुकलंच ताई."

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो. संध्याकाळी ताईने त्याच शेंगांची भाजी केली, ओलं खोबरं आणि आलं-मिरची घालून. भाजी चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली. बायको डाव्या हाताने चमच्याने जेवत होती, तिचा भात ताटाबाहेर सांडत होता.

मग रोज कोणी ना कोणी भेटायला येऊ लागलं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न कशा पडलात, आणि दुसरं वाक्य कशाला चढलात. एक बाई तर म्हणाली, "यांच्यासारखा नवरा घरात असताना?" कारण त्या वेळी मी सुपात शेंगा घेऊन त्यांच्या शिरा काढत बसलो होतो. सगळं घरकाम मीच करत होतो. पाणी तापवायचो, तिच्या प्लास्टरवर पिशवी बांधून तिला अंघोळीला मदत करायचो, केस विंचरायचो. वेणी मला जमेना, म्हणून नुसता रबर लावायचो. त्या आठवड्यात थंडी बरीच पडली आणि प्लास्टरबाहेरची तिची बोटं गार पडायची. मी माझा लोकरीचा मोजा कापून तिच्या पंजावर चढवला. येणारे जाणारे मोज्याचंही कौतुक करायचे. ती ऐकून घ्यायची. जेवढं कौतुक व्हायचं तेवढी मला तिच्यासमोर बसायची लाज वाटायची. मग मी उठून आणखी एखादं काम काढायचो.

दहाव्या-बाराव्या दिवशी मित्र आला. तो मुंबईला मुलाकडे गेला होता, त्याला उशिरा कळलं होतं. ताईही नेमकी त्या वेळी घरात होती. तो खुर्चीच्या टोकावर बसला, चहाला हात लावला नाही. त्या सकाळी मी कुठे होतो हे बायकोखेरीज त्यालाच ठाऊक होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "मला चैन नाही. त्या दिवशी तुम्ही हाक मारलीत ती मी ऐकली होती. मीच यांना फाटकाशी बोलत ठेवलं. माझ्यामुळेच झालं हे."

ताईने माझ्याकडे बघितलं. मला बोलायला हवं होतं. त्याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी कपबशी उचलली आणि परत ठेवली.

बायकोच बोलली. "छे हो. तुम्ही गेलात तेव्हा मी उतरले होते. हे आत गेले. मग मला वर आणखी शेंगा दिसल्या म्हणून मी एकटीच परत चढले. तुमचा काय संबंध? चहा घ्या, निवतोय."

मित्राच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ताई म्हणाली, "बघा, सांगून ऐकते का ही." आणि सगळे थोडंसं हसले. बायकोही हसली.

ते गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "दिवाबत्ती करायची राहिलीय." मी दिवा लावला. बोलायचं राहून गेलं. ते राहिलं नव्हतं, मीच राहू दिलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मुलगी आली. ती दर रविवारी यायची आणि दर वेळी आईला बोलायची. त्या दिवशी जरा जास्तच बोलली. आईकडच्या फेऱ्या आणि स्वतःची नोकरी दोन्ही सांभाळून ती थकली होती. "आई, तू ऐकणार नाहीस. हा वेलच कापून टाकते मी. म्हणजे प्रश्नच नको."

"काप," बायको म्हणाली. आवाज बारीक होता. तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

एवढे दिवस ती सगळ्यांचं ऐकून घेत होती, कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं. ते पाहून मी मुलीला सांगितलं. सगळंच सांगितलं. शिडी धरली होती, सोडून गेलो, हाक ऐकली, मित्र गेल्यावरही परत आलो नाही, दवाखान्यात खोटं बोललो.

मुलगी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, तीन आठवडे मी आईला बोलतेय. तुम्ही समोर बसून ऐकत होता." ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. त्या दिवशी माझ्याशी एक शब्द न बोलता ती विरारला परत गेली.

मला वाटलं होतं, बायकोला बरं वाटेल. ती चिडली. "तिला कशाला सांगितलंत? आता ती तुमच्यावर रुसणार. ते मलाच निस्तरायला लागणार."

"मग तू का नाही सांगितलंस कोणाला?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. ताई गेल्या की सांगाल, उद्या सांगाल, असं. मग तुमचे मित्र आले आणि तुमचा चेहरा असा झाला, की मलाच बघवेना."

मी म्हणालो, माझं चुकलं. ते तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच म्हणालो.

ती थोडा वेळ मोज्याची सुटलेली लोकर ओढत बसली. "पडल्याचं काही नाही," ती म्हणाली. "माणूस पडतो. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही इतक्या पटकन बोललात, की मला वाटलं, मी मेले असते तरी तुम्ही हेच सांगितलं असतं."

तिने ओढून काढलेली लोकर मी गोळा केली.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग बायकोला फोन द्यायला सांगितला. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. मुलगी दोन रविवार आली नाही, तिसऱ्या रविवारी आली. मित्राला मात्र मी खरं सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो पुन्हा स्वतःलाच दोष देईल, असं बायको म्हणते. माझी खात्री नाही, पण तिचं मी ऐकलं.

जानेवारीत प्लास्टर निघालं. हात बराच सुधारला, पण मनगट पूर्ण वळत नाही. वजन उचलता येतं, पिळता येत नाही. आणि तांदळाची भाकरी थापता येत नाही. डॉक्टर म्हणाले, वयामुळे एवढं राहील. तिने मान डोलावली. घरी आल्यावर तिने परात घेऊन एकदा प्रयत्न केला आणि पीठ तसंच झाकून ठेवलं.

संध्याकाळी ते पीठ मी मळलं. ती पाटावर बसून बघत होती. माझी भाकरी कडेने फाटली, मध्ये जाड राहिली, तव्यावर टाकताना दुमडली. मी ती तिच्या ताटात वाढली. तिने खाल्ली, पूर्ण खाल्ली.

"पाणी कमी पडलं," ती म्हणाली. "आणि उकड नीट मळली पाहिजे."