ग्यास असेल, बस जरा!

कॅज्युअल्टीत ड्युटी लागली की किस्से शोधावे लागत नाहीत, ते एप्रनला चिकटून घरी येतात. मी प्रसूती हॉस्पिटलात हाउस सर्जन, म्हणजे डॉक्टरांमधली सगळ्यात ज्युनिअर. म्हैसूरला लागून असलेल्या हिनकलला घरी जेवताना मी ते किस्से सांगायचे, कारण समोर वहिनी बसलेली असायची. तिला आठवा महिना. लग्न करून पुण्याहून म्हैसुरात आलेली, पहिलंच बाळंतपण. तिच्या शेजारी आत्या. कुठल्याही दुखण्यावर आत्याचं निदान एकच: "ग्यास असेल, बस जरा!"

*

एक बाई पोट धरून आली. चेहरा पांढराफटक, वर खांदाही दुखतोय म्हणे. "पाळी चुकलीय का?" तिने सासूकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

सासूला बाहेर पाठवल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "चुकलीय. पण तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं ना!"

गर्भ नळीतच रुजला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्तच रक्त! थेट थिएटरमध्ये नेली म्हणून वाचली. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न: "सासूबाईंना सांगितलं नाहीत ना?"

आत्या म्हणाली, "बरोबर आहे की! नजर लागते."

"नजर नाही लागली आत्या, नळी फुटली!"

*

हॉस्पिटलच्या गेटबाहेर एक कार कधीची उभी होती. वॉचमनने मला बोलावून नेलं. आत दिवस भरलेली बाई, पाणी गेलेलं, सीट ओलीचिंब. आणि ते पाणी हिरवट, म्हणजे बाळाला आत त्रास होत असणार.

नवऱ्याने शांतपणे काच खाली केली. "राहुकाल इन्नू इदे, डॉक्टर. अजून थोडाच बाकी आहे. संपला की येतोच आत."

"बाळाला कॅलेंडर दाखवलंत का?" मी ओरडले.

स्ट्रेचर आणलाच. बाळ बाहेर आलं ते न रडता. ते रडेपर्यंत मला सगळे देव आठवले, राहूसकट!

हे ऐकून आत्या म्हणाली, "आलं ना सुखरूप? वेळ पाळली म्हणूनच!"

*

कॉलेजची एक मुलगी. एका बाजूला अचानक असह्य कळ, उलट्यांवर उलट्या. आईने पाळीचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या आणि झोपवून ठेवली. "लग्न न झालेली पोर बाळंतपणाच्या दवाखान्यात दिसली तर लोक काय म्हणतील?"

ओव्हरीला पीळ पडला होता. वेळेत आली असती तर पीळ सोडवता आला असता. आली तेव्हा ओव्हरी काळी पडलेली. काढावी लागली.

आईने कॉरिडॉरमध्ये मला गाठलं. "डॉक्टर, पोटावर व्रण दिसेल का हो? स्थळं बघतोय."

*

"बाळ कालपासून हललं नाहीये," एक बाई म्हणाली.

"मग कालच का नाही आलात?"

"यांची कडकोळच्या कारखान्यात शिफ्ट होती. सुट्टी आज मिळाली."

बाळाचे ठोके सापडले नाहीत. हा किस्सा मी घरी सांगितला नाही. वहिनीने दोनदा विचारलं, "आज काही नवीन नाही?" मी म्हटलं, "नाही."

त्याऐवजी तिच्याकडून पाठच करून घेतलं. रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर कुणाला विचारत बसायचं नाही. थेट हॉस्पिटल!

"हो गं डॉक्टरीणबाई! चमकलं की पळायचं. आता भात वाढू का?"

*

मग वहिनीचं डोहाळजेवण. इथे त्याला सीमंत म्हणतात. घरभर बायका, मोगऱ्याचा वास, हिरवी साडी. फक्त हिरव्या बांगड्या काही चढेनात.

"सकाळी तर आरामात जात होत्या," वहिनी म्हणाली.

"तेज चढलंय, तेज!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

मी ड्युटी संपवून तेव्हाच आत शिरत होते. वहिनी कपाळ दाबत होती. आत्याने तिच्यापुढे जिऱ्याच्या पाण्याचा पेला धरला. "सकाळपासून डोकं धरून बसलीय. ग्यास असेल. उपाशी आहे ना!"

वहिनीने मला बघितलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. तिचा चेहरा मला क्षणभर ओळखू आला नाही, इतका सुजलेला.

"केतकी, डोळ्यांपुढे सारखं चमकतंय गं."

"अय्यो, फोटोवाल्याचा फ्लॅश तो!" आत्या म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. "बस जरा, ओटी भरून होऊ दे!"

तेवढ्यात दारात कुणीतरी घाईघाईने चपला काढल्या. खांद्यावर बंद बॅग, कपाळावर घाम.

"सॉरी अम्मा, रिंग रोडला फार ट्रॅफिक! कॅमेरा कुठे लावू?"